एका उंदराचा पत्ता

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला पूर्वी एक पाचवी अनुसूची होती. पहिल्या अनुसूचीत वाघ, हत्ती, माळढोक अशी मानाची मंडळी. पाचवीत उपद्रवी ठरवलेले प्राणी: कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर. यांना मारायला कुणाची परवानगी लागत नसे. उंदीर म्हणजे कोणता, कुठला, किती उरलेला, हे त्या यादीत लिहिलेलं नव्हतं. २०२२ च्या दुरुस्तीने ही अनुसूची गेली, पण तोवर तिने पन्नास वर्षं काढली.

त्याच पन्नास वर्षांत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने देशातल्या अतिसंकटग्रस्त प्राण्यांची माहिती छापली, आणि तिच्यात एका उंदराचं नाव होतं: कोंढाणा उंदीर. म्हणजे एका कागदावर हा प्राणी कुणीही मारावा असा, आणि दुसऱ्या कागदावर तो कायमचा जाईल की काय या काळजीचा. दोन्ही कागद एकाच सरकारचे. यावरून सरकारची चेष्टा करणं सोपं आहे. मला मात्र ही विसंगती आपल्या सगळ्यांचीच वाटते. उंदीर आपल्याला नको असतो. आणि एखादी जात पृथ्वीवरून नाहीशी झाली असं ऐकलं, तर काहीतरी वाईट घडलं असंही आपल्याला वाटतं. या दुसऱ्या वाटण्याला काही आधार आहे, की ते नुसतं हळवेपण आहे, एवढाच या लेखाचा प्रश्न.

आधी उंदराची ओळख करून देते. १९७५ साली मिश्रा आणि ढांडा या दोन शास्त्रज्ञांनी मिलार्डिया या प्रजातीतल्या उंदरांचा आढावा प्रसिद्ध केला. दोघंही पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातले. आज ती राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. अशा ठिकाणी उंदीर पाहिला जातो तो त्याच्या अंगावरच्या गोचिडांसाठी, पिसवांसाठी आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या रोगांसाठी. पण या आढाव्यात सिंहगडावरचा एक उंदीर वेगळाच निघाला. तोवर शास्त्राला माहीत नसलेली ती जात होती. तिला त्यांनी गडाचं जुनं नाव दिलं, मिलार्डिया कोंडाना. तानाजी मालुसरे पडले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला, असं आपण शाळेत शिकतो. सिंहाचं नाव गडाला मिळालं आणि गडाचं जुनं नाव उंदराकडे राहिलं.

मऊ केसांचा, पाठीवर गडद तपकिरी, पोटाकडे करडा-पांढरा. रात्री हिंडतो, बिळात राहतो. पानगळीचं कोरडं जंगल आणि झुडपांचं रान हे त्याचं घर. आणि या घराचा पत्ता वर्षानुवर्षं शास्त्रीय नोंदींमध्ये एकच राहिला आहे: सिंहगडाचं पठार, क्षेत्रफळ सुमारे एक चौरस किलोमीटर. अलीकडे आसपासच्या एखाद्या-दुसऱ्या गडावरूनही त्याच्या नोंदी वाचनात येतात. तरी सगळी जागा मिळून एखाद्या मोठ्या गावाच्या शिवाराएवढीसुद्धा होणार नाही. त्याला धोका कशाचा, तर झाडोरा कमी होण्याचा, चराईचा आणि पर्यटनाचा. त्याला कुणी पकडत नाही, विकत नाही, खात नाही. शनिवार-रविवारी गडावर लोक येतात. त्यांच्यासाठी गाड्या लावायला जागा लागते, वाटा रुंद लागतात, बसायला मोकळं लागतं, जेवण झाल्यावर कचरा टाकायला कोपरा लागतो. कचऱ्यामागे भटकी कुत्री-मांजरं येतात आणि माणसाच्या मागे जगभर गेलेला घरचा उंदीरही येतो. झुडपं थोडी थोडी मागे सरतात.

आता त्याच्या भावाबद्दल. मिलार्डिया प्रजातीत चारच जाती आहेत. त्यातली एक म्यानमारमध्ये, एक वायव्येकडच्या रेताड भागात, एक सिंहगडावर आणि चौथी, मिलार्डिया मेल्टाडा, भारतभरच्या शेतांत. ही चौथी आमच्या रानात आहे. मी किल्लारीची. काळ्या रानाला उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांत आणि बांधाला मेल्टाडा राहतो. त्याला आमच्याकडे शास्त्रीय नाव सोडाच, वेगळं नावही नाही. रानउंदीर, बस्स. ज्वारी निसवली, हरभऱ्याचे घाटे भरले, की याची दिवाळी.

अप्पा त्याचा बंदोबस्त करतात तो असा. संध्याकाळी रानातली सगळी बिळं मातीने बुजवायची. सकाळी जी उकरलेली दिसतील, ती चालू बिळं. ती मोजायची. मग एक-दोन दिवस ज्वारीच्या भरड्याला तेल चोळून तो नुसताच ठेवायचा, कारण उंदीर संशयी, नव्या खाण्याला लगेच तोंड लावत नाही. त्याला चटक लागली की त्याच भरड्यात झिंक फॉस्फाइड मिसळायचं, हाताला मोजा घालून. दुसऱ्या दिवशी मेलेले गोळा करून पुरायचे.

यात मला काही गैर वाटत नाही, हे आधीच स्पष्ट करते. नाहीतर पुण्यात नोकरी करणारी मुलगी गावाकडच्यांना भूतदया शिकवायला निघाली, असा समज व्हायचा. आमचं वर्षाचं उत्पन्न त्या चार महिन्यांत रानात उभं असतं. शेतकऱ्याला विष ठेवायची हौस नसते.

उंदराच्या वाईटपणाबद्दलही मराठवाड्याला कुणी सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. त्या रात्री गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. घरं पडली, त्यांत ज्वारी होती. जी पडली नाहीत तिथे झोपायची कुणाची छाती होईना. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात घराघरांत उंदीर मरून पडायला लागले आणि पाठोपाठ माणसांच्या जांघेत गाठी आल्या. प्लेग. सप्टेंबरात सुरतेत तो फुप्फुसांचा रोग होऊन पसरला, पन्नासहून अधिक माणसं मेली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. तेव्हा अभ्यासकांनी एक तर्क मांडला होता. भूकंपाने माणसं घराबाहेर पडली, धान्य आत राहिलं, त्यावर घरचे उंदीर बेसुमार वाढले आणि रानातल्या उंदरांमध्ये दबून राहिलेला रोग त्यांच्यात शिरला. तर्क पूर्ण खरा धरला नाही तरी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याला छळणारा उंदीर आपल्याच कणगीवर वाढलेला असतो. जो आपल्यापासून लांब राहतो, तो कमी होत जातो.

कोंढाण्याच्या उंदराबद्दल मी एकदा घरी सांगितलं, तेव्हा आज्जी म्हणाली, "उंदराला वाचवलालीस का गं? मग आमच्या कोठीतले ने की पुण्याला." सगळे हसले, मीही. पण तिच्या बोलण्यात एक खरा प्रश्न आहे. एक भाऊ मारायचा आणि दुसरा वाचवायचा, हे कोणत्या न्यायाने?

पहिलं उत्तर सहसा उपयोगाचं असतं. निसर्गाच्या साखळीत प्रत्येक कडी महत्त्वाची, उंदीर बिया पसरवतो, माती उकरतो, घुबडाचं आणि सापाचं पोट भरतो. हे सगळं उंदरांबद्दल खरं आहे. पण याच उंदराबद्दल ते निर्णायक आहे का? उद्या सिंहगडावरून कोंढाणा उंदीर गेला आणि त्याच्या जागी घरचे उंदीर आले, तर घुबड उपाशी मरणार नाही. उपयोगाचा मुद्दा धरून बसलं, तर ज्याचा उपयोग दाखवता येत नाही त्याला जाऊ द्यायला आपण तयार आहोत असा अर्थ होतो. मग वाचवण्यासारखं फारसं काही उरणार नाही. आपल्यापैकी कितीजण उरतील, हाही प्रश्नच.

दुसरं उत्तर दुर्मिळतेचं. कमी आहे म्हणून मोलाचं. टपाल तिकिटांच्या बाबतीत हे चालतं. पण देवीच्या रोगाचा विषाणू आज जगात दोनच ठिकाणी उरला आहे, अमेरिकेतल्या आणि रशियातल्या एकेका प्रयोगशाळेत. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं तेव्हा विषाणू दुर्मिळ झाला म्हणून कुणी हळहळलं नाही, आणि ते बरोबरच होतं. नुसतं कमी असणं हा काही गुण नव्हे.

तिसरं उत्तर दयेचं. मुक्या जिवाला त्रास होतो. हे उत्तर मला सगळ्यात जवळचं, पण इथे तेच सर्वात कमी कामाचं आहे. झिंक फॉस्फाइडने मरणं वेदनेचं असतं, आणि ती वेदना आमच्या रानातल्या मेल्टाडाला होते. सिंहगडावरचा उंदीर असा तडफडून संपणार नाही. झुडपं कमी झाली की पिल्लं कमी जगतील, नरमादी एकमेकांना गाठणं अवघड होईल, आणि एक दिवस शेवटचा उंदीर म्हातारा होऊन मरेल. नुसत्या वेदनेच्या हिशोबात अप्पांचं रान हा मोठा अपराध ठरतो, आणि एक अख्खी जात संपणं जवळजवळ काहीच नाही. म्हणजे जात संपण्यात जे वाईट आहे, ते वेदनेत मोजता येणारं नाही.

इथे एका ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाची आठवण होते. रिचर्ड राउटली यांनी १९७३ साली एक कोडं घातलं होतं. समजा, जगातला शेवटचा माणूस उरला आहे. त्याच्यामागे कुणी नाही. मरायच्या आधी तो हाताला लागेल ते प्रत्येक झाड आणि प्रत्येक प्राणी नष्ट करत सुटला. यात कोणत्याच माणसाचं नुकसान नाही, कारण माणूसच उरलेला नाही. मग त्याने काही वाईट केलं का? बहुतेक लोक म्हणतात, केलं. का, ते सांगता आलं नाही तरी म्हणतात. राउटलींचं म्हणणं असं की आपलं सगळं नीतिशास्त्र माणसाच्या नफानुकसानीवर उभं असेल, तर हे ‘वाईट’ कुठून आलं, याचा खुलासा त्याला करता येत नाही.

मला हे कोडं पटतं, पण ते पुरत नाही. सिंहगडावर कुणी शेवटचा माणूस नाही, आणि कुणी हातात कुऱ्हाड घेऊन उभाही नाही. तिथे जे होत आहे ते कुणीच करत नाही आणि सगळे मिळून करतात. अशा गोष्टीत वाईट शोधायचं कुठे?

‘हे निसर्गाचंच आहे’ हा चौथा आक्षेप यातूनच येतो. जाती येतात, जाती जातात, डायनोसोर गेले तेव्हा कोण रडलं? किल्लारीत वाढलेल्या माणसाला या वाक्याचा एक ओळखीचा भाऊ भेटलेला असतो: भूकंप नैसर्गिक होता. होताच. पण त्या रात्री माणसं जमिनीच्या हलण्याने मेली नाहीत. ती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंतींखाली आणि वर फूट-दोन फूट माती चढवलेल्या माळवदाखाली मेली. भिंती जाड, कारण उन्हाळा. माळवदावर दरवर्षी आणखी माती, कारण गळती. भिंतीतच बळद, कारण धान्य. प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होता आणि त्यांत कुणाचा दोष नव्हता. त्यांची बेरीज मात्र त्या पहाटे समोर आली. नंतर आलेल्या अभियंत्यांनी भूकंपाला दोष देत बसण्याऐवजी भिंतीत आडवे लांब दगड घालायला, काँक्रीटचे पट्टे बांधायला आणि छत हलकं करायला शिकवलं. दोषी कुणी नसलं तरी जबाबदारी असू शकते, हे आमच्या गावाने फार मोठी किंमत देऊन शिकलेलं आहे. जबाबदारी घेणं म्हणजे पुढची भिंत वेगळी बांधणं.

सिंहगडाचं तसंच आहे. एक गाडी, एक दुकान, एक पाऊलवाट, वणव्याची एक ठिणगी. एकातही उंदीर मारण्याचा हेतू नाही. म्हणून प्रत्येकाच्या हेतूची चौकशी करून काही निघायचं नाही. बघायची ती बेरीज.

माझ्या कामात एक साधा नियम आहे. जे परत आणता येतं ते बदलताना फार विचार करू नका. जे परत आणता येत नाही ते पुसण्याआधी थांबा. म्हणून तर फाइल कायमची काढून टाकताना यंत्र विचारतं: नक्की? आणि ज्याची प्रत एकाच ठिकाणी आहे, तिथे आम्ही मुद्दाम भीती बाळगतो. मेल्टाडाच्या प्रती भारतभरच्या बांधांवर आहेत. अप्पांनी आमच्या रानातले सगळे मारले तरी शेजारच्या रानातून पुढच्या हंगामात ते हजर होतात. हा अनुभव अप्पांना दरवर्षी येतो आणि ते त्याबद्दल जे बोलतात ते इथे लिहिता येणार नाही. कोंढाणा उंदराला शेजारचं रान नाही.

माझ्या लेखी फरक इथे आहे. एका उंदराचा जीव दुसऱ्याहून मोलाचा, असं माझं म्हणणं नाही. प्रश्न आपण काय करत आहोत आणि कशासाठी, याचा आहे. अप्पा जे करतात त्यामागे पोटाचं कारण आहे आणि त्याने काहीही कायमचं संपत नाही. सिंहगडावर जे होत आहे त्याने एक गोष्ट कायमची संपेल, आणि त्यामागचं कारण काय, तर आम्हाला गाडी अगदी वरपर्यंत न्यायची होती. कारण जेवढं किरकोळ, तेवढा परतीचा रस्ता उघडा ठेवला पाहिजे, असा माझा साधा न्याय आहे. भुकेसाठी माणसाने खूप काही करावं. सोयीसाठी त्याने कायमचं काही करू नये.

यावर माझ्याच क्षेत्रातला एक मित्र म्हणाला, की प्रत एकच असेल तर दुसरी काढा. दहा-वीस उंदीर पकडा, प्राणिसंग्रहालयात वाढवा, प्रश्न मिटला. हा उपाय वेळेवर झाला तर जरूर करावा. न झाल्याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. तिथे टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं जेमतेम चार-पाच हेक्टरांचं एक बेट आहे. मेलोमिस जातीचा एक उंदीर जगात फक्त त्या बेटावर होता. समुद्र चढला, वादळांत खारं पाणी आत शिरत राहिलं आणि दहा वर्षांत तिथली ९७ टक्के हिरवळ गेली. उंदीर वाचवण्याची योजना २००८ साली कागदावर आली. २००९ मध्ये तो शेवटचा दिसला. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ सापळे घेऊन गेले ते रिकामे परत आले, आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने तो नामशेष झाल्याचं मान्य केलं. हवामानबदलामुळे गेलेला हा पहिला सस्तन प्राणी मानतात. त्याला जागा बदलून द्यावी, हे कुणाला सुचलं नव्हतं असं नाही. पण उंदरासाठी घाई कोण करणार?

आणि प्रत वेळेवर निघाली तरी तिने सगळं भागतं का? पुनर्वसनाबद्दल आम्हाला थोडंफार कळतं. भूकंपानंतर ५२ गावं मूळ जागेवरून उठवून नव्या जागी वसवली, त्यांत किल्लारीही. माझा जन्म या नव्या गावातला. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, घराघरांत अंतर. मला हेच गाव आहे. आज्जीला तीस वर्षांनंतरही ‘गाव’ म्हणजे जुनं, आणि ‘नवं गाव’ म्हणजे जिथे ती राहते ते. सुरुवातीला आपल्या भावकीची घरं कोणत्या रांगेत गेली, हे शोधायलाच दिवस गेले, असं ती सांगते. तरीही पुनर्वसन झालं, कारण माणसं स्वतःबरोबर बरंच काही घेऊन आली. त्यांनी नव्या घरांना पडव्या काढल्या, रिकाम्या जागी ओटे बांधले, भांडून-तंडून शेजार पुन्हा जमवला, जत्रा पुन्हा भरवली. माणसाला आपल्या जागेची गोष्ट सांगता येते, म्हणून त्याला ती थोडीफार उचलून नेता येते.

उंदराला ती सोय नाही. कोणत्या झुडपाखालची माती पावसात भुसभुशीत राहते, गवताचं बी कधी गळतं, घुबड कोणत्या कड्यावरून सुटतं, हे त्याचं ज्ञान त्याच्या तिथे असण्यातच असतं. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढवला तर त्याचं शरीर राहील. पण ज्या पठाराने त्याला घडवलं ते गेलं, तर परत सोडायचं कुठे? त्याच्या बाबतीत जीव आणि जागा वेगळे काढता येत नाहीत. म्हणून त्याला वाचवणं म्हणजे पठाराचा एक भाग त्याला राहू देणं. आपण द्यायचं ते एवढंच, थोडी जागा.

ती जागा कुणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. गडावर डोक्यावर मडकी वाहून दही विकणाऱ्या, चुलीवर पिठलं-भाकरी करणाऱ्या बायका पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांमधल्या आहेत. पर्यावरणाच्या नावाखाली पहिला हातोडा अशाच माणसांवर पडतो, हे आपण सगळीकडे पाहतो. त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ये-जा आणि कोंढाणा उंदीर आजवर एकत्र राहत आले. सगळ्यात जास्त जागा लागते ती आमच्यासारख्यांना, शनिवारी पहाटे पुण्यातून चारचाकी काढून तासाभरात वर पोचू पाहणाऱ्यांना. मे २०२२ मध्ये पायथ्यापासून वर ई-बस नेऊन खासगी गाड्या खाली थांबवण्याचा प्रयोग झाला होता. तो काही दिवसांतच बंद पडला. घाटातली वळणं, गर्दी, चार्जिंग अशा अडचणी खऱ्याच होत्या. पण कल्पनेची दिशा बरोबर होती: किंमत आधी त्याने द्यावी, ज्याचं कारण सगळ्यात किरकोळ आहे.

मोठं अभयारण्य, कुंपण, बंदुकवाला पहारेकरी असं काही या प्राण्याला लागत नाही. झुडपांचे पट्टे तोडू नयेत आणि ‘सुशोभीकरण’ म्हणून तिथे हिरवळ लावू नये. गवताला आग लागू देऊ नये. खाऊन उरलेलं ज्याने वर नेलं त्यानेच खाली आणावं, म्हणजे कुत्री-मांजरं आणि घरचे उंदीर वर मुक्काम करणार नाहीत. अंधार पडल्यावर पठार त्याला एकट्याला मिळावं. वाघासाठी गावं उठवावी लागली. इथे कुणाला उठवायचं नाही, संध्याकाळी वेळेवर गड उतरायचा आहे.

मुळात, पठारावर नवीन काही बांधण्याआधी तिथे कोण राहतं हे बघितलं पाहिजे. त्याला मोठं तंत्रज्ञान लागत नाही. संध्याकाळी बिळं बुजवायची, सकाळी उकरलेली मोजायची, काही रात्री जिवंत पकडणारे सापळे लावायचे, पाहून सोडून द्यायचं. किल्लारीच्या कोणत्याही शेतकऱ्याला यातलं निम्मं काम झोपेतही जमेल. आमच्याकडे बिळं मोजतात ती विष किती कालवायचं हे ठरवण्यासाठी. सिंहगडावर मोजायची ती आपण कुठे थांबायचं हे ठरवण्यासाठी.